बाबांचा पाइप

वादळ ओसरल्यावर ताई आणि तिचा धाकटा भाऊ गळ घेऊन समुद्रावर गेले, तर किनारा ओळखूच येईना. लाटांनी पुरुषभर वाळू ओढून नेली होती, आणि पायऱ्यांच्या अगदी खाली एक गंजलेला लोखंडी पाइप उघडा पडला होता.

"बाबांचा!" भाऊ ओरडला.

बाबा गळाची काठी या पाइपात खोचून बसायचे. ते गेल्यावर पाइप वाळूत गडप झाला, आणि त्यांची जागा नेमकी कुठली, यावरून ही दोघं केस पिकेपर्यंत भांडत आली होती. भाऊ म्हणायचा खडकापाशी, ताई म्हणायची त्याच्याही पुढे.

"इथे?" ताई वैतागली. "आज वादळानं खळगा पाडलाय म्हणून ठीक. एरवी गुडघाभर पाण्यात मासा कशाला मरायला येईल?"

"म्हणून तर हात हलवत घरी यायचे! आणि आई अंथरुणातून म्हणायची, आले माझे दर्यावर्दी!"

ताई हसली. तिनं गळ खळग्यात टाकला, काठी पाइपात खोचली आणि बाबांसारखी पायरीला टेकून बसली. सहज मान वळवली, तर रस्त्यापलीकडे त्यांच्या जुन्या घराची खिडकी सरळ समोर. खडकापासून ती दिसतच नसे.

"अरे," ती हळूच म्हणाली, "आईची खाट त्या खिडकीशीच होती ना?"

भाऊही खिडकीकडे तोंड करून तिच्याशेजारी बसला. काठीला जोराचा हिसका बसला, तेव्हा दोघंही समुद्राकडे पाठ करून बसली होती.