फिरलो मी, मान जवसाला

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. वाजवायचा नव्हे, कोंबड्यांचे खाद्य कालवायचा. एका लोहाराने जाड पत्रा वाकवून मला घडवले, आडव्या दांड्यावर बसवले आणि बाजूला फिरवायची मूठ लावली. मका, सोयाबीनची पेंड आणि खनिजांची भुकटी पोटात घेऊन मी गरगर फिरायचो. कोंबड्यांच्या शेडचे मालक, ज्यांना घरात सगळे बाबा म्हणतात, मूठभर खाद्य तळहातावर पसरून म्हणायचे, "वा! काय झकास कालवलंय!" तेवढ्यावर मी वर्षानुवर्षे खूश होतो.

मग बाबांचे हृदयाचे दुखणे निघाले. डॉक्टरांनी मासे खायला सांगितले, कारण माशांतली चरबी हृदयाला चांगली. पण बाबांना माशाचा नुसता वास आला तरी मळमळते. शेड आता सूनबाई सांभाळत होती. ती म्हणाली, "बाबा, कोंबडी जे खाते ते तिच्या मांसात उतरतं. मासे तुम्ही नका खाऊ. माशाचं तेल कोंबड्यांना देऊ, कोंबडी तुम्ही खा."

आणि शेडमध्ये आला माशाच्या तेलाचा डबा. मेला चकचकीत! सूनबाई त्याला रोज फडक्याने पुसायची. तेल ओतायचे माझ्यात, फिरायचे मी, आणि सासूबाई म्हणायच्या, "तेल कसलं, औषधच ते!" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझा नुसता जळफळाट झाला.

पहिली कोंबडी शिजली. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या समोरच आहे. बाबांनी एक घास घेतला आणि ताट सारले.

"सूनबाई, ही कोंबडी आहे की मासा?"

सूनबाईने तेल सढळ हाताने घातले होते आणि कोंबडी कापायच्या दिवसापर्यंत घातले होते. कापण्याच्या काही दिवस आधीच ते थांबवायचे असते, हे तिला नंतर समजले. डबा अडगळीत गेला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण माझे सुख कुणाला बघवते! आता जवस आले. त्यातही तसलीच चांगली चरबी असते म्हणे. त्याचे लाड काय सांगू? भरडले की लवकर खवट होते, म्हणून रोज ताजे भरडायचे. उरलेले घरात, थंडगार फ्रिजमध्ये. मी मात्र बाहेर, धुळीत. माझ्या सांध्यांत जुने खाद्य चिकटून वाळले होते, त्याकडे बघतो कोण?

नव्या कोंबड्या जवसावर वाढल्या. बाबा पुन्हा ताटावर बसले आणि पुन्हा थांबले. "तोच वास. राहू दे पोरी, मी भाजीवर भागवीन."

"अहो, नाक धरून खा!" सासूबाई म्हणाल्या. पण बाबा हात धुवायला उठले होते. आधीच त्यांचे अंग उतरले होते, जेवणावरची वासनाही उडाली होती.

सूनबाई तशीच शेडमध्ये आली. तिने जवस हुंगले, मका हुंगला, पेंड हुंगली. मग माझे झाकण काढून डोके आत घातले.

"अगं बाई! वास इथे आहे!"

माशाचे तेल माझ्या सांध्यांत मुरून कुजले होते आणि रोज थोडेथोडे खाद्यात उतरत होते. मला फार लाज वाटली. डब्याला हसणारा मी, आणि त्याची घाण माझ्याच पोटात! सूनबाईने पदर खोचला, गरम पाणी आणि काथ्या घेऊन मला आतून घासले आणि उन्हात वाळवले. तिचे हात माझ्या पोटात फिरत होते तेवढा वेळ मला कुणाचाही हेवा वाटला नाही.

पुढच्या खेपेची कोंबडी शिजली. बाबांनी आधी वास घेतला. मग एक घास, मग दुसरा.

"अजून एक तुकडा असेल तर वाढ, पोरी."

सूनबाईने तोंड फिरवून डोळे पुसले. "जवस मानवलं हो!" सासूबाई आनंदाने ओरडल्या.

जवस!

मित्रांनो, कोंबडी जे खाते ते तुमच्या ताटात येते, आणि ज्या भांड्यात ते कालवले त्या भांड्याची घाणही येते. म्हणून काम झाले की भांडे घासा, कोरडे करा, मगच झोपा. माझे कौतुक नाही केले तरी चालेल, असे मी म्हणणार होतो. पण खरे सांगू? नाही चालत.