यादीतली सहावी

तिचा राग ऑफिसात प्रसिद्ध होता. पाठीमागे सगळे तिला तोफ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. कॉम्प्युटरवरचे मोठमोठे साहसी खेळ बनवणाऱ्या त्या कंपनीत ती पडद्याची मांडणी करायची. कुठलं बटण कुठे, कुठला चेहरा किती मोठा, खेळणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, हे सगळं तिच्या हातात. बटण चुकीच्या जागी ठेवणारा माणूस तिच्या लेखी चोरापेक्षा फार बरा नव्हता.

त्या सोमवारी तोफ सुटली ती थेट मालकांवर.

नव्या खेळात नायक एकटा मोहिमेवर निघत नसे. पहिल्याच गावात तिथला मुखिया त्याला सांगे, की माझी सहा माणसं तुझ्या दिमतीला आहेत. प्रत्येक मोहिमेआधी एक यादी उघडे आणि खेळणाऱ्याने तिच्यातून तिघांना निवडायचं. सहांपैकी पाच जण हाणामारीत तरबेज होते. सहावी होती एक म्हातारी. ती हाडं बसवायची, जखमा शिवायची आणि हातात शस्त्र धरायची नाही. या सगळ्यांच्या तोंडचे शब्द लिहिले होते काकांनी. काका कुणाचे सख्खे काका नव्हते. ते ऑफिसातले एकमेव लेखक. वय छप्पन्न, आवाज हळू, आणि कुणी मध्येच बोललं की आपलं वाक्य तिथेच सोडून देण्याची सवय.

मालकांनी बैठकीत भिंतीवर आकडा दाखवला. चाचणीला चाळीस माणसं बसली होती आणि म्हातारीला बरोबर नेलं होतं दोघांनी. आधीच्या चाचणीत एकाने, त्याच्या आधीच्या चाचणीत तिघांनी. तीन महिन्यांत तीन चाचण्या, आणि तिन्हींचं सांगणं एकच. लोकांना म्हातारी नको आहे, मालक म्हणाले, तेव्हा तिला खेळातून काढून टाकू. बाकीच्यांचं लिखाण पूर्ण झालंच होतं. म्हणजे काकांचं कामही संपलं. महिनाअखेरीला त्यांना मोकळं करायचं, असं ठरलंय.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका समोरच बसले होते आणि मालक त्यांच्याबद्दल असं बोलत होते, की जणू खोलीतली एखादी खुर्ची हलवायची आहे. पुढची दहा मिनिटं तिने मालकांना धारेवर धरलं. तुम्हाला तलवारीपलीकडे काही दिसत नाही, तुम्ही आयुष्यात एक अख्खं पान वाचलेलं नाही, छप्पन्नाव्या वर्षी या माणसाला कोण दारात उभं करणार आहे, असं बरंच काही. बाकीचे मूग गिळून बसले. मालक शांतपणे पाणी प्याले आणि म्हणाले, "आकडा मी बनवलेला नाही. लोकांनी बनवलाय."

ती दार आपटून बाहेर पडली. त्या दाराची काच आधीच एकदा तिच्यामुळेच बदलावी लागली होती.

दुपारी ती काकांच्या टेबलाशी गेली. आपण पाठीशी उभे आहोत हे त्यांना कळावं, एवढाच हेतू होता. काका म्हातारीचे संवाद वाचत बसले होते. तिने मालकांवर पुन्हा एकदा तोंडसुख घेतलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. मालकांची चूक नाही, ते म्हणाले. पहिल्या चाचणीनंतर त्यांना स्वतःलाच वाटलं होतं, म्हातारी फार संथ बोलते, म्हणून त्यांनी तिची वाक्यं तोडली. दुसरीनंतर वाटलं, ती फार गंभीर आहे, म्हणून तिला विनोद दिले. तरी लोक तिला घेत नाहीत.

"तीस वर्षं लिहितोय," काका म्हणाले, "पण बहुतेक जमत नव्हतंच. आधी कुणी मोजलं नव्हतं, एवढंच."

तिने टेबलावर मूठ आपटली आणि निघून आली.

संध्याकाळी घरी तिने आईपुढे सगळा पाढा वाचला. आई खिडकीपाशी बसून तिच्याच कोटाचं बटण शिवत होती. मालक कसे दगड आहेत, बाकीचे कसे शेपूटघालू, आणि चाचणीला येणारे लोक कसे रक्ताला चटावलेले, हे ती येरझाऱ्या घालत सांगत राहिली. वडील होते तेव्हा तेही असेच येरझाऱ्या घालत सांगायचे, आणि आई अशीच काहीतरी शिवत ऐकायची. आईने दोरा दातांनी तोडला.

"अगं, पण त्या म्हातारीला लोक का नेत नाहीत? विचारलंस का कुणाला?"

"आकडे आहेत ना, आई."

"आकड्यांना नाही म्हणत मी. माणसाला."

आईला यातलं काही कळत नाही, असं ती म्हणाली. मग खोलीत जाऊन बसली आणि तिथेही तिला तो प्रश्न सोडेना. कुणालाच विचारलं नव्हतं. ऑफिसची पद्धतच तशी होती. खेळणारे तळमजल्यावरच्या खोलीत बसत, मांडणीवाले तिसऱ्या मजल्यावर, आणि मधून वर यायचे ते फक्त तक्ते. सात वर्षांत ती तळमजल्यावर गेली होती ती दोनदा, आणि दोन्ही वेळा प्रिंटर बिघडला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली. खोलीत आठ कॉम्प्युटर होते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर पन्नाशीच्या एक बाई खेळत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, कारण त्या खरोखरच दवाखान्यात परिचारिका होत्या. सुटीच्या दिवशी चाचणीला येत, कारण चार तास पाय लांब करून बसायला मिळतं, असं त्या सांगत. तिन्ही चाचण्यांना त्या होत्या. तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या मागे बसली.

सिस्टर तिसऱ्या मोहिमेतल्या पुलावर मेल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेल्या. हा पूल वर सगळ्यांना ठाऊक होता. लोक तिथे फार मरतात म्हणून राक्षसांची ताकद दोनदा कमी केली होती, तरी लोक मरतच होते. तिला राहवेना. तिने विचारलं, की सिस्टर, तुम्ही तरी त्या म्हातारीला बरोबर घ्यायचं होतं. दवाखान्यात काम करता ना तुम्ही?

सिस्टरनी मान वळवली. "कुठली म्हातारी?"

"जखमा बऱ्या करणारी."

"मॅडम, मी पहिल्या दिवसापासून तसंच कुणीतरी शोधतेय. सगळे मारणारेच दिलेत तुम्ही." त्यांनी यादी उघडून दाखवली. "हे बघा. पाच जण. मुखिया सहा म्हणतो खरं. मला वाटलं, सहावा पुढे कधीतरी भेटत असेल."

तिने पडद्याकडे पाहिलं. यादी तिनेच बनवलेली होती आणि तिला तिचा फार अभिमान होता. चौकटीची उंची अशी बेतलेली, की पाचव्या नावाच्या खालच्या रेषेवर चौकट नेमकी संपते. अर्धवट कापलेलं काहीही दिसत नाही. यादी खालीवर करायची बाजूची सरकपट्टी गबाळी दिसते म्हणून तिने लपवली होती, माऊस अगदी तिथे नेला तरच ती दिसे. आणि नावांचा क्रम लावला होता एका घावात कोण किती इजा करतो त्यावर. सगळ्यात जोरदार सगळ्यात वर. म्हातारी घाव घालतच नव्हती. तिचा आकडा शून्य, आणि शून्याची जागा कायम तळाशी, चौकटीच्या बाहेर.

तिने हात पुढे करून माऊसचं चाक फिरवलं. यादी सरकली आणि म्हातारी वर आली.

"अगंबाई," सिस्टर म्हणाल्या. "ही इथे बसून होती होय? आणि मी पुलावर किती वेळा मेले."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. कारण तिला बैठकही आठवली. चार महिन्यांपूर्वीची. हा क्रम कुणालाच पटत नव्हता आणि तिने आवाज चढवून तो पास करून घेतला होता. त्यावेळी काकांनी विचारलं होतं, की मग आपली म्हातारी खाली जाईल ना, दिसेल का ती? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने म्हटलं होतं, "काका, लोकांना खाली सरकवता येतं. ती काही दुधखुळी पोरं नाहीत." सगळे हसले होते. काकांनी नेहमीप्रमाणे उरलेलं वाक्य सोडून दिलं होतं.

ती तीन मजले जिन्याने चढली. राग तर होताच, नेहमीपेक्षा जास्त होता, पण तो काढायला समोर कुणी नव्हतं. प्रत्येक पायरीवर ती कुणीतरी शोधत होती. मालक? त्यांनी आकडा वाचला होता. सरकपट्टी गबाळी म्हणणारा ऑफिसातला चित्रकार? त्याने म्हटलं होतं खरं, पण लपवली कुणी? जिना संपला तरी दुसरं नाव सापडलं नाही.

मालकांच्या खोलीत तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मालकांना धक्का बसला, पण ते सावरले. असं होतं कधीकधी, ते म्हणाले, यादी दुरुस्त कर, पुन्हा चाचणी घेऊ, तोवर काकांना मोकळं करायचं पत्र थांबवतो. बाहेर कशाला बोलायचं? चूक शेवटी सगळ्यांचीच असते.

"सगळ्यांची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "आणि मी ती सगळ्यांसमोर सांगणार आहे."

सांगितलीही. त्याच खोलीत, त्याच भिंतीसमोर. यादी पडद्यावर लावली, चाक फिरवून दाखवलं, आणि कुणी, कधी, कशासाठी असं केलं ते स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. तिच्याकडून आजवर ज्यांनी ज्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या ते सगळे तिथे होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. काका मान खाली घालून वहीत काहीतरी रेघोट्या ओढत होते.

नवी यादी करायला तिला दोन तास लागले. सहाही चेहरे एका ओळीत, सरकवणं नाही, क्रम नाही. जे काम दोन तासांचं होतं त्यापायी एका माणसाने तीन महिने स्वतःला नालायक ठरवलं होतं, या विचाराने तिने त्या दोन तासांत दोन पेन्सिली मोडल्या.

आठवड्याने चौथी चाचणी झाली. चाळीसपैकी एकोणतीस जणांनी म्हातारीला बरोबर नेलं. पूलही पार झाला. मालक स्वतः काकांच्या टेबलाशी गेले, पत्र रद्द झाल्याचं सांगून आले, आणि वर पुढच्या खेळाचं कामही देऊन आले. सगळं सुरळीत झालं, असं ऑफिसात सगळे म्हणू लागले.

ते गेल्यावर ती काकांकडे गेली. माफी मागायची होती. ती तिला मागता येत नसे, म्हणून तिने आधी आकडाच सांगितला. एकोणतीस, काका. तुमची म्हातारी लोकांना आवडते. आधीपासूनच आवडली असती.

"आधीची म्हातारी वेगळी होती," काका म्हणाले. "लोकांनी घेतली ती ही. विनोद करणारी."

तिच्या ध्यानात आलं. पहिली म्हातारी संथ बोलायची, वाटेत पडलेल्या शत्रूपाशीही थांबायची, आणि नायक घाई करू लागला की त्याला पाण्याची घागर आणायला पाठवायची. ती म्हातारी तीन महिन्यांत थोडी थोडी कापून काकांनी संपवली होती. कुणी न पाहिलेली म्हातारी लोकांना नापसंत आहे असं समजून.

"पहिली प्रत सर्व्हरवर असेल," ती घाईने म्हणाली. "सगळ्या प्रती असतात. आत्ता काढून देते. आजच बसवते परत."

"काढली होती मी. काल वाचली."

"मग?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य पुरं करणार होते आणि ती मध्ये बोलणार नव्हती.

"तीन महिने मी रोज त्यात चूक शोधली. रोज सापडली. आता त्यातलं एकही वाक्य मला खरं वाटत नाही. प्रत आहे, बाई. मला ती आवडायची, ते गेलं. ते कुठल्या सर्व्हरवरून काढून देशील?"

ती उभी राहिली. आतून येतंय तो राग आहे की रडू, हे तिला ओळखता येईना.

"मला बोला, काका," ती शेवटी म्हणाली. "ओरडा माझ्यावर. मला चालेल."

"तुला चालेल," काका म्हणाले. "मला नाही येत."

त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पडद्याकडे वळवली, आणि म्हातारीच्या पुढच्या विनोदावर काम करू लागले.