पंच्याहत्तरला एक

इकडे बघा, इकडे. खिडकीशेजारच्या खिळ्यावर लोंबकळतेय ना, ती मी. कापड मोजायची टेप. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर.

कारखान्यात आम्ही हजारो बहिणी एकदम जन्मलो. दीडशे सेंटिमीटर म्हणजे दीडशे, केसाचाही फरक नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. आमच्या धंद्यात खरं बोलणं एवढंच भांडवल. मला आणलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. घरातली पोरं त्यांना आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणते. वीस वर्षं मी आईच्या गळ्यात होते. आमच्या गल्लीतला कुणाचा घेर कधी वाढला आणि कोण पोट आत ओढून माप देतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

घरात दोन मुलं. मोठी अकरा वर्षांची, तिला सगळे ताई म्हणतात. धाकटा सहाचा, त्याचं नाव टिल्लू पडलंय आणि ते त्याला मुळीच आवडत नाही. बाबा बस चालवतात.

गेल्या वर्षापर्यंत ताई शाळेत जायची. बाकी सगळं ठीक होतं, पण घरी गणिताची वही उघडली की पोरगी रडकुंडीला यायची. उत्तर चुकलं की खोडायची, पुन्हा खोडायची, कागद फाटेपर्यंत खोडायची, आणि मग एकच वाक्य, "मला येतच नाही."  शेवटी आईबाबांनी तिला घरीच शिकवायचं ठरवलं.

बाबांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आत्याला, हे काही पटलं नाही. आत्या जन्मभर मुख्याध्यापिका होती. "घरच्या घरी सगळं बरोबरच दिसतं रे," ती बाबांना म्हणाली. "एक वर्ष घ्या. वर्षानं मी स्वतः येऊन परीक्षा घेईन. तेव्हाही पोरगी आकडे बघून रडली, तर मुकाट्यानं शाळेत." बाबांनी मान डोलावली. आत्यापुढे त्यांचं तेवढंच चालतं.

तर आमची शाळा भरते कापड बेतायच्या टेबलावर. एका टोकाला आई कापड कापते, दुसऱ्या टोकाला मुलं वह्या उघडतात. तास संपला हे सांगायला घंटा नाही. इस्त्रीचा दिवा विझला की समजायचं. कविता शिलाई मशीनच्या ठेक्यावर पाठ होतात, त्यामुळे मशीन जोरात चालली की टिल्लूची कविताही धावत सुटते. भूगोल बाबांकडे. त्यांना बसचे सगळे थांबे येतात, त्यापलीकडचं जग मात्र ते नकाशात बघून सांगतात. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही सुटका नाही. माप देता देता त्याला टिल्लूचे प्रश्न झेलावे लागतात. एका दाढीवाल्या गवंड्यानं तर हात वर करून उभ्या उभ्या सातचा पाढा म्हटला होता, आणि दोनदा अडखळला होता.

आता माझं एक गुपित सांगते. सांगताना लाज वाटते, पण सांगते. वय झालं की माणसं आखडतात, मी लांबले. वीस वर्षांची ओढाताण, इस्त्रीची धग, त्यात टिल्लूनं माझी दोरीउडीची दोरी केलेली. अंगात झोल आला. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी? शिवाय आईचा एकही कपडा चुकत नव्हता. कुणाचं काही बिघडत नाही ना, मग मीही गप्प बसले. तिथंच चुकलं माझं.

परीक्षेचा आठवडा उजाडला. शनिवारी आत्या येणार होती. तिला दाखवायला ताईनं मनाशी एक गोष्ट ठरवली होती. कपाटाचा एक जुना सुटा खण, म्हणजे ड्रॉवर, होता, त्यात वर्षभर जमवलेली पानं लावायची आणि वर काच बसवायची. मापं सगळी ती एकटीनं घेणार, कुणी मधे यायचं नाही.

सोमवारी तिनं मला खणावर अंथरलं. लांबी पंच्याहत्तर, रुंदी पंचेचाळीस. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. पोरगी इतकी खूष झाली की मलाच कसंतरी झालं. मंगळवारी बाबांनी काच टेकायला खणाच्या आतून अर्ध्या सेंटिमीटरच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या. बुधवारी बाबांची सुट्टी, म्हणून सगळी मंडळी बागेत गेली. मोठ्ठं पान कुणाला सापडतं यावरून बहीणभावांचं वाजलं, आणि येताना काचवाल्या काकांच्या दुकानात ताईनं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी दिली. पंच्याहत्तर बाय पंचेचाळीस.

गुरुवारी काच आली. पानं चिकटवून तयार होती. ताईनं श्वास रोखून काच ठेवली, हात काढला, आणि काचेचं एक टोक घसरून थेट पानांवर जाऊन पडलं. फुटली नाही, हे नशीब. ताईनं काच हळूच उचलून बाजूला ठेवली.

"मीच चुकले असणार," ती पुटपुटली.

"तू कशाला चुकशील?" आई उसळली. मला गळ्यातून काढून काचेवर टाकलं. चौऱ्याहत्तर! "बघ, चौऱ्याहत्तर! त्या काचवाल्यानं एक सेंटिमीटर खाल्ला. उद्या बघते त्याच्याकडे."

अहो, मी काय सांगू? माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. वीस वर्षांत पहिल्यांदा माझं माप घराबाहेर गेलं होतं.

शुक्रवारी आई, दोन्ही मुलं, कागदात गुंडाळलेली काच आणि आईच्या गळ्यात मी, अशी वरात दुकानात पोचली. काका काच कापत होते.

"काका, हे काय? पंच्याहत्तर सांगितली आणि चौऱ्याहत्तर दिलीत?"

काका पुढे आले. भिंतीवरची मीटरभर पोलादी पट्टी काढली आणि काचेवर ठेवली. पंच्याहत्तर. इकडून पंच्याहत्तर, तिकडूनही पंच्याहत्तर.

"वहिनी, पोरीनं चिठ्ठीत लिहिलं तेच मी कापलं," काका म्हणाले. "लहान आहे, मोजताना चुकली असेल. होतं असं."

ताईचा चेहरा पडला.  मग तेच वाक्य आलं, अगदी हळू. "मला येतच नाही."

त्या क्षणी मला वाटलं, दोन तुकडे व्हावेत माझे. गुन्हा माझा, शिक्षा लेकराला. कात्रीखाली गेले असते तरी इतकं दुखलं नसतं.

आई काच गुंडाळायला लागली. पण ताई हलेना. काचेकडे बघत ती म्हणाली, "आई, थांब. काच तर तीच आहे ना?"

"मग?"

"मग काल चौऱ्याहत्तर आणि आज पंच्याहत्तर कशी?"

 ताईनं हात लांब करून मला आईच्या गळ्यातून ओढलं आणि पोलादी पट्टीशेजारी निजवलं. शून्याला शून्य लावलं. दहापर्यंत आम्ही दोघी जवळजवळ बरोबर होतो. पन्नासाला मी सरकलेली दिसू लागले. माझा पंच्याहत्तर जिथे आला, तिथे पट्टीवर शहात्तर होते. मी उघडी पडले. आणि सांगते तुम्हाला, वीस वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

"टेप ताणलीय!" ताई ओरडली. "मी नाही चुकले. मी बरोबरच वाचलं होतं, टेपच चुकीचं सांगतेय!"

आता आईचा चेहरा पडला. ती स्टुलावर बसलीच. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी लोकांचे कपडे..."

"नाही गं आई," ताई म्हणाली, आणि विचार करत करत बोलू लागली. "तू माणूसही हिनंच मोजतेस आणि कापडही हिनंच. दोन्हीकडे सारखीच चूक होते, म्हणून कपडा बरोबर येतो. काका त्यांच्या पट्टीनं मोजतात, म्हणून काच चुकली."

काकांनी काच कापायचं हत्यार खाली ठेवलं. "वा गं वा!" ते म्हणाले. "बरं, तो खण घेऊन या. मी मोजून नवी कापून देतो."

"खण नको," ताई म्हणाली. "लांबी शहात्तर. रुंदी मी सांगते." तिनं चिठ्ठी उलटी केली. "पंच्याहत्तरला एक सेंटिमीटर, म्हणजे दहा मिलिमीटर. पंधरा पाचे पंच्याहत्तर, म्हणजे पंधराला दोन. पंचेचाळीस म्हणजे तीन वेळा पंधरा, म्हणून सहा मिलिमीटर. पंचेचाळीस सेंटिमीटर, सहा मिलिमीटर."

"आणि पुन्हा चुकली तर?" आईनं भीत भीत विचारलं.

"तर कुठे चुकली ते बघू," ताई म्हणाली. इतकं साधं बोलली, जणू जन्मभर असंच बोलत आलीय.

त्याच संध्याकाळी काच खणात बसली. चारही बाजूंनी पट्ट्यांवर टेकली, कुठे फट नाही. टिल्लूनं त्याच्या बोटांचे ठसे उमटवेपर्यंत ती स्वच्छही होती.

शनिवारी आत्या आली, पर्समध्ये प्रश्नपत्रिका घेऊन. टिल्लूनं दारातच सगळी हकीकत ओकून टाकली. आत्यानं खणाकडे पाहिलं, मग मला उचलून दोन बोटांत धरलं. माझी तर बोबडीच वळली.

"असं असेल, तर तुझ्या आईनं शिवलेला माझा कोट मला व्यवस्थित कसा बसतो?" आत्यानं विचारलं. ताईनं सांगितलं. "नाही समजलं," आत्या म्हणाली. ताईनं चित्र काढून पुन्हा सांगितलं. मला वाटतं, आत्याला पहिल्याच वेळी समजलं होतं. पण मास्तरणीची जात!

मग प्रश्नपत्रिका निघाली. दहा गणितं होती. ताईची आठ बरोबर आली. आत्यानं दोन फुल्या मारल्या, तेव्हा बाबांनी डोळेच मिटून घेतले. ताईनं मात्र वही पुढे ओढली. "आत्या, ही दोन कुठे चुकली ते मीच शोधते हं. तू सांगू नकोस."

आत्यानं पेन बंद करून ठेवलं. नंतर चष्मा पुसत बाबांना म्हणाली, "दर गुरुवारी मी येत जाईन. इतिहास तुम्हां दोघांनाही येत नाही."

त्यानंतर आईनं नवी टेप आणली. कडक आहे, गोरीपान आहे, जरा शिष्टही आहे. मला वाटलं, आता माझी रवानगी केराच्या डब्यात. पण ताईनं मला मागून घेतलं आणि या खिळ्यावर टांगलं. आठवड्यातून एकदा ती आणि टिल्लू मला उतरवतात, काहीबाही मोजतात, आणि मी किती खोटं बोलले ते हिशेब मांडून शोधतात. खोटारडी म्हणून का होईना, शाळेत नोकरी लागली. मजेत आहे मी.

जाता जाता एक विनवणी. तुमच्या घरात एखादं लेकरू मान खाली घालून "मला येतच नाही" म्हणालं ना, तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी बघा, त्याला कशानं मोजलंत ते.