लाल नखांची पिल्लं

माझी नवी नेलपॉलिशची बाटली गायब झाली होती, त्यामुळे त्या दुपारी मी आधीच तापले होते. त्यात वहिनीने हॅचरीतून अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातला चहा सांडला.

अंडी उबवून पिल्लं विकायची, हा आमचा घरचा धंदा. वहिनी लग्नाआधी प्रयोगशाळेत होती. प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, जांभळ्या झोतात अंडी दोन मिनिटं धरली की पिल्लं भराभर वाढतात, असं तिने डोक्यात घेतलेलं. तिचं यंत्र आलं ते थेट आईच्या शिवणाच्या खोलीत. आईने अट घातली, "तुझी पिल्लं तीन आठवड्यांची झाल्यावर इतरांपेक्षा जड भरली नाहीत, तर खोली माझी आणि हे धूड भंगारात!"

वहिनीने शंभर अंडी घेतली. पन्नासांना झोत दिला, त्यांच्या कवचावर पेन्सिलीने फुली मारली आणि सगळी एकत्र उबवली. एवढी शिकलेली बाई, पण पिल्लू कवच मागे टाकून बाहेर येतं, हे तिच्या ध्यानात आलं ते अगदी शेवटी! मग तीन दिवस पहारा करून ऐनवेळी ती पेंगली. जागी झाली तेव्हा ट्रेमध्ये नव्वदेक पिवळे गोळे चिवचिवत होते. त्यातलं कोणतं कुठल्या अंड्यातलं, देव जाणे.

"गेलं सगळं!" वहिनी रडायला लागली. मला तिची दयाही येत होती आणि हसूही आवरेना.

आई दारात उभी होती. खोली आयतीच पदरात पडत होती, तिने फक्त गप्प बसायचं होतं.

"रडतेस काय वेडे? पाय बघ त्यांचे."

मी एक पिल्लू उचललं. एक नख लालभडक!

"तू झोपलीस, मग मी बसले. फुलीच्या कवचातलं आलं की लावायचं. बोटं दुखली गं माझी."

"आई, माझी बाटली!" मी ओरडले. कुणी लक्षच दिलं नाही.

रंग उडाला की आई पुन्हा लावायची. तीन आठवड्यांनी वजन केलं. लाल नखाची पिल्लं सरासरी साठ ग्रॅमने जड! वहिनीने आईला उचलून गरागरा फिरवलं.

"आई, तुम्ही बोलला नसतात तर खोली तुमची होती."

"तशी नको होती मला. तू खरंच हरली असतीस तर घेतली असती." आईने पदर सावरला. "आता माझं शिलाई मशीन तुमच्या बेडरूममध्ये."

संध्याकाळी दादा कामावरून आला, तेव्हा त्याचा पलंग व्हरांड्यात होता आणि आम्ही तिघी त्यावर बसून नखं रंगवत होतो.