आठवा डबा

एक

"मोजा, तुम्हीच मोजा! मागाहून म्हणाल, ऊ च्योने हातचलाखी केली!"

डोक्याला लाल फडकं बांधलेला मांत्रिक डबा नाचवत होता. मा यिनच्या अंगणात गाव लोटला होता. डबा कसला, घट्ट दुधाचा, रिकामा. इरावतीकाठच्या प्रत्येक चुलीपाशी असतो तसलाच.

दोन

दुपारी त्याने सगळ्यांदेखत एक प्यी तांदूळ मडक्यात ओतला होता. प्यी म्हणजे लाकडी माप. वरून फळी फिरवून सपाट केलेलं. प्यीत आठ डबे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग मडक्याचं तोंड बांधलं, धूप जाळला. आता दिवस कलल्यावर तोच तांदूळ डब्याने परत मोजणं चाललं होतं.

तीन

"बुडालेला माणूस उपाशीच फिरतो हो!" ऊ च्यो गर्दीला सांगत होता.

मा यिनचा नवरा को ठुन पुरात गेला. नाव सापडली, तो नाही.

चार

डबा भरायचा, गुडघ्यावर आपटायचा, पुन्हा भरायचा, मंत्र पुटपुटायचा.

"काल सातच भरले. आठवा कुणी खाल्ला?"

"माझ्या ठुनने!" सासू दॉ सेन कळवळली.

पाच

"नातीला देवाच्या ठाण्यात सोड, आजी. नाहीतर बाप तिला न्यायला येईल."

"ठाण्यात म्हणजे?" दॉ सेनने विचारलं.

"माझ्याकडं. सेवा करील. पाणी भरील, भांडी घासील."

"मोलकरीण पळाली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. चिमुरडी फ्यू आईला घट्ट बिलगली.

सहा

मा यिनला त्या आठव्या डब्याची भीती नव्हती, आधार होता. काल ती मडक्याला कान लावून बसली होती. आत दाणे सरकले, आणि तिला वाटलं, जेवतोय. शेजारी तिने त्याची आवडती आंबवलेली मासळी ठेवली होती. ती तशीच राहिली. मासळीवाचून ठुनने कधी भाताचा घास उचलला नव्हता.

सात

सातव्या डब्यावर तांदळाची टेकडी उभी राहिली आणि मडकं रिकामं झालं. मा यिन त्या टेकडीकडे बघत राहिली.

"काका, प्यीला फळी फिरवलीत. डब्याला का नाही?"

"डब्याला फळी कोण लावतं, बाई?"

"कुणीच नाही. चुलीपाशी हाताला येईल तसा भरतो आम्ही. द्या इकडं."

"देव कोपेल!"

"कोपू दे. तो माझ्यावर कोपेल, माझ्या पोरीवर नाही."

तिने सगळा तांदूळ मडक्यात परत ओतला. डबा अलगद भरला, न आपटता. वरून फळी फिरवली. दुसरा. तिसरा. आता अख्खं अंगण तिच्याबरोबर मोजत होतं.

आठ

आठवा काठोकाठ भरला. मडक्यात दाणा उरला नाही. आपटून दाबलेले, शीग लावलेले सात म्हणजेच सपाट आठ. भूत त्या टेकड्यांत होतं.

ऊ च्यो फडकं सोडून गर्दीतून वाट काढू लागला.

"म्हणजे... ठुन येत नव्हता?" सासूने विचारलं.

"नाही, आई."

मा यिन हे बोलली आणि तिचा नवरा दुसऱ्यांदा बुडाला. पण लेक काठावर राहिली.

बायांनो, बाबांनो, दोन मापं ताडून बघायची तर दोन्हींना एकच फळी लावा. मग मेलेल्यांच्या नावावर कुणी जिवंतांचा घास पळवणार नाही.

मा यिनने आठव्या डब्यातला तांदूळ तिथेच धुतला आणि चुलीवर चढवला. फ्यूला भूक लागली होती.