परातीतला चिखल

पिराजीने सकाळपासून आईच्या परातीत तीन जागची माती भरली होती आणि तिन्ही वेळा उपसून टाकली होती. भाकरी थापायची परात ती. त्याची आई केशरबाई दारात बसून बघत होती आणि तिच्या तोंडून अजून एक शब्दही निघाला नव्हता. पिराजीला तेच जास्त जड जात होतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. तेर गावाच्या पलीकडे माळावर त्यांची वस्ती, एक्केचाळीस उंबरे. पाणी म्हणजे तेरणेच्या वाळूत खणलेला झिरा. बायका त्यात बसून वाटीवाटीने पाणी भरायच्या, एका घागरीला तास जायचा. आता गावच्या सहकारी सोसायटीने चेअरमन गुंडाप्पांच्या काळ्या रानातली विहीर खोल केली होती आणि तिला पाणी लागलं होतं. बैलगाडीवर चार बॅरल ठेवून ते पाणी पुढल्या आठवड्यापासून वस्तीला आणायचं ठरलं. जुनी लाकडी चाकं मोडलेली, म्हणून सोलापूरहून टायरच्या चाकांच्या दोन जोड्या पसंतीला आल्या होत्या. एक अरुंद, एक रुंद. गाडीचा आस मात्र एकच. त्याची टोकं एका जोडीच्या मापाने कापली की दुसरी जोडी त्याला कधीच बसणार नव्हती. उद्या सकाळच्या ट्रकने आस उमरग्याला लेथवर कापायला जायचा होता.

कुठली जोडी, ते पिराजीने सांगायचं. वस्तीतला पहिला आयटीआय झालेला पोरगा, सोसायटीच्या शेडमध्ये फिटर. गुंडाप्पा म्हणाले होते, "तुमच्याच वस्तीचं पानी हाय पिराजी. तूच ठरीव." पिराजी आधी फुगला आणि घरी पोचेपर्यंत त्याला दोन्ही जोड्या बरोबर वाटायला लागल्या.

लोखंड कापण्याआधी लहान नमुना करून बघावा, असं सोलापूरच्या आयटीआयचे मास्तर शिकवायचे. पिराजीने बाभळीच्या फांदीच्या दोन चकत्या कापल्या, एक बोटभर जाड, दुसरी तीन बोटं. त्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. वर वजनाला अर्धी वीट, पुढे दोरी आणि दोरीला दुकानदाराकडून मागून आणलेला स्प्रिंगचा काटा. चाक ओढायला किती जोर लागतो ते काटा सांगणार. इथवर सगळं झकास होतं. पुढे मातीने घोळ घातला.

परातीत मुरूम भरला, तर अरुंद चाक हलकं पळालं. नदीची वाळू भरली, तर तेच फसलं आणि रुंद निघालं. गुंडाप्पांच्या रानातली काळी माती भरली, तर पुन्हा अरुंद पुढे. मग माती नीट दाबून भरली आणि काटा तिसरंच सांगायला लागला. पिराजीने डोकं खाजवलं. खरा रस्ता परातीत मावत नव्हता आणि जे मावत होतं ते दर वेळी वेगळं बोलत होतं.

त्यात गाडीवान रामलिंग आला. पन्नाशीचा धनगर माणूस, उभा जन्म बैलांमागे गेलेला. त्याने चकत्या उचलून बघितल्या.

"ह्यात बैल कुठं हाय?" त्याने विचारलं.

"मामा, काटा म्हंजे बैल."

"लई गरीब बैल हाय. कुनीकडंबी जातोय," रामलिंग म्हणाला आणि बिडी पेटवून तिथेच बसला.

पिराजीने शेवटी सरळ हिशोब मांडला. वाटेत मुरूम आहे, कोरडी काळी माती आहे, वाळू लागत नाही. म्हणजे अरुंद. त्याने लेथवाल्यासाठी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि खिशात ठेवली. तरी मोकळं वाटेना.

तेव्हा केशरबाईने तोंड उघडलं. "वल्ली माती धरलीस का?"

"माय, दुष्काळ हाय. चिखल कुठला आलाय?"

"हिरीवर," ती म्हणाली. "बादल्यांनी चार बॅरलं भरायची म्हंजे सांडनारच. रोज त्याच जागी सांडनार. म्या जलमभर पानी भरतीय पिराजी, जिथं पानी भरत्यात तिथं चिखल आसतोयच. भरल्याली गाडी त्याच चिखलात हुबी ऱ्हानार."

पिराजीने हातातली चकती खाली ठेवली. साऱ्या तालुक्यात कुठे चिखल होणार असेल तर तो बरोबर त्या गाडीच्या चाकाखाली, आणि तेवढीच जागा त्याच्या हिशोबातून सुटली होती. आयटीआयच्या सर्टिफिकेटची त्याला मनापासून लाज वाटली.

पण आता ओली माती आणायची कुठून? विहिरीवर अजून थेंब सांडलेला नव्हता, आणि तिथलं पाणी आणावं तर जाऊन येईतो रात्र झाली असती. परातभर काळी माती भिजवायची तर पाव घागर पाणी हवं. अंघोळीचं वापरावं तर अंघोळही खाटेवर बसून करायची आणि खाली घमेल्यात धरलेलं ते पाणी शेळीला पाजायचे. घरात दोन तांबे उरले होते. त्यातला एक तो कोणत्या तोंडाने मागणार होता? त्याने परातीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि चिठ्ठी तशीच द्यावी असं ठरवून टाकलं. मग दाराशी जाऊन परत आला. रामलिंगने त्याच्या अशा तीन खेपा मोजल्या.

ऊन कलताना झिऱ्यावरून बायका आल्या, डोक्यावर घागरी, हातात वाट्या. केशरबाई वाटेत आडवी उभी राहिली.

"वाटीवाटी पानी द्या गं. पिराजीला चिखल करायचाय."

एक जण हसली, तिला वाटलं चेष्टा आहे. चांगुणा मात्र हसली नाही. तिचं लेकरू तापाने पडलेलं होतं. "मातीत वतायला?" ती म्हणाली. "आत्याबाई, सकाळधरनं बसल्ये मी झिऱ्यात."

केशरबाईने परातीत पुन्हा काळी माती भरली. ती घरात गेली, दोनपैकी एक तांब्या घेऊन आली आणि सगळ्यांदेखत परातीत ओतला. माती सूं करून पाणी प्याली. मग बनाबाईने वाटी भरून ओतली. मग पुढची. चांगुणा सगळ्यात शेवटी आली. तिने अर्धीच वाटी ओतली, थांबली आणि उरलेली अर्धीही ओतली.

पिराजीने चिखल कालवला. अरुंद चाक ठेवलं, तर विटेखाली ते गपकन बसलं. दोरी ओढली, काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला, चाक जागचं हललं नाही. चिखल सारखा करून रुंद ठेवलं. ते नखभर रुतलं, अडलं आणि निघालं.

"पर मुरमावर हे जड जातंय," पिराजी म्हणाला. एवढं होऊनही त्याच्या डोक्यातला गोंधळ काही मिटला नव्हता. "मामा, बैल थकतील की."

"थकतील," रामलिंग म्हणाला. "इसावा दिऊ. बसल्याल्या चाकाला काय दिनार?"

पिराजीने चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. रुंद. मान वर केली तेव्हा त्याला दिसलं, चाकाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्या जणी परातीतलं पाणी मुरताना बघत उभ्या होत्या.

"चुकलं तर?" चांगुणाने विचारलं.

पिराजीने चिठ्ठीची घडी घातली. केशरबाईने खाली बसून दोन्ही हातांनी चिखल उचलला. "माझ्या चुलीला तडा गेलाय कवाचा," ती म्हणाली. "पान्यापायी लिपली न्हाय." मग बनाबाईनेही ओंजळ पुढे केली. एकेक करत साऱ्या जणी वाकल्या आणि आपापल्या वाट्याचा गोळा घेऊन आपापल्या चुलीकडे गेल्या. चांगुणाला केशरबाईने सगळ्यात मोठा दिला.

"परात राखंनं घास," ती पिराजीला म्हणाली. "भाकरी थापायच्यात."

त्याने परात कोरडीच घासली, दोनदा घासली. एक तांब्या आणि अकरा वाट्या. ओततानाच त्याने मोजल्या होत्या, आणि आता काही केल्या तो आकडा त्याच्या डोक्यातून जात नव्हता.