वीस मिनिटांची खुर्ची

बाटल्या तपासायची आमची खुर्ची वीस मिनिटांची. समोर उजेडाचा पांढरा पडदा, त्याच्यापुढून पट्ट्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या खुळखुळत जातात. तडा दिसला की ती बाटली उचलून लाल पेटीत टाकायची. वीस मिनिटं झाली की उठायचं, दुसरीनं बसायचं. वीस मिनिटांनंतर डोळे नुसते उघडे असतात, दिसत काही नाही. तशी पाटीच आहे भिंतीवर, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला मी आहे.

त्या दिवशी खुर्चीत घार होती. हे नाव मीच पाडलेलं, कारण केसाएवढा तडासुद्धा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पण गेले दोन महिने तिची लाल पेटी इतरांच्या चौपट भरत होती. सकाळी साहेबांनी मला वर बोलावून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर तिला काढावं लागेल. डोळे गेलेले दिसतात तिचे."

खाली येऊन मी तिच्या पेटीतल्या चाळीस बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. अडतीस ठणठणीत होत्या.

मी तिला चहाच्या खोलीत नेलं. तिथे कंपनीनं नुकताच एक कागद लावलाय, 'मन मोकळं करा', खाली हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग. आम्ही सगळ्यांनी हसऱ्यावर खूण केली होती. नोकरी कुणाला नकोय? घारीनंही केली होती. मी एक बाटली तिच्या हातात दिली.

"ह्यात काय दिसलं तुला?"

"तडा."

"कुठे?"

तिनं बाटली तीनदा फिरवली. "मगाशी होता, ताई." मग एकदम म्हणाली, "घरी लेकीचा पेलासुद्धा मी दिव्यापुढे धरते. नवरा म्हणतो, वेड लागलंय तुला. झोपच नाही हो. डोळे मिटले की बाटल्या चालू. एखादं लेकरू गेलं असतं ना माझ्यामुळे?"

ते वाक्य माझं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तडा गेलेली एक बाटली बाहेर गेली, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची. दुकानदाराच्या वेळेत लक्षात आलं, कुणाला काही झालं नाही. पण मी चारचौघींत हिच्यावर तोंड टाकलं होतं, "एखादं लेकरू गेलं असतं तुझ्यामुळे!" सांगितलं नव्हतं ते एवढंच, की त्या दिवशी बदलीची बाई आली नव्हती आणि मी हिला पंचावन्न मिनिटं बसवून ठेवलं होतं. "ताई, बदली?" तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "बस गं जरा." नोंदवहीत मात्र बदल्या वेळच्या वेळी लिहिल्या. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी तडक जिना चढले. साहेब म्हणाले, "बरं झालं आलात. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवू या का?"

"जखम मांडीला, मलम शेंडीला नको, साहेब," मी म्हटलं, आणि पंचावन्न मिनिटांचं सगळं सांगून टाकलं. "तिला पगारी रजा द्या. मनाच्या डॉक्टरकडे पाठवा, कंपनीच्या खर्चानं. आणि बरी होऊन आली की जागा तिचीच."

"तुम्ही काय बोलताय कळतंय ना? तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ दे."

त्यांनी पेन उघडलं, परत बंद केलं. "रजेचं बघतो," ते म्हणाले. "तुमचंही."

खाली आले तर घार परत खुर्चीत. घड्याळ बघितलं, बावीस मिनिटं झाली होती. बदलीची बाई कुठे? माल निघायची घाई म्हणून तिला खोकी भरायला नेलेलं. घार काही विचारत नव्हती. तिनं विचारणंच सोडलं होतं, आणि हे मला दोन महिन्यांत दिसलं नव्हतं. नजर म्हणे माझी!

खांबावर लाल बटण आहे. कुणाचा हात अडकला, आग लागली तरच दाबायचं. मी दाबलं.

पट्टा थांबला. खुळखुळ थांबली. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मोठ्यानं बोलले, कारण दोष दिला होता तोही मोठ्यानंच. "ती बाटली गेली त्या दिवशी मी हिला पंचावन्न मिनिटं बसवलं होतं. वहीत खोटं लिहिलं. चूक माझी होती. हिची नव्हती."

भिंतीवरचा फोन वाजायला लागला, वरून साहेबांचा. कुणी उचलला नाही.

"मी दोनदा विचारलं होतं, ताई," घार म्हणाली.

"हो. दोनदा."

तिच्या हातात एक बाटली होती, लाल पेटीच्या वर धरलेली. तिनं ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, आणि परत पट्ट्यावर ठेवली. मग खुर्चीतून उठली.